फरशीची आतली बाजू

ब्रेंझा, ईस्टरनंतरचा तिसरा आठवडा

कोपऱ्यातल्या थडग्यावरची फरशी कुणाला विचारून उचलली? माझ्या दारावरून नेली, माझ्याच नातवाने नेली, आणि मी आत तापाने फणफणत पडलेली. जड दगड न्यायचा तर बर्फ वितळायच्या आत घसरगाडीवर घालून न्यावा, हे त्याला मीच शिकवलं होतं. पाद्रीबाबा म्हणतात, "गुंदाबाई, ती फरशी कुणाचीच नव्हती. सत्तावीस वर्षांत तिथे कुणी मेणबत्ती लावली नाही." लावली नाही म्हणजे कुणाची नाही? मग यांच्या अंगालाही वर्षवर्ष कुणी पाणी लावत नाही, तेही घाला म्हणावं घसरगाडीवर.

वाल्दा, जिवंत असशील तर हे वाच. मेली असशील तर मठातल्या ज्या जोगिणीच्या हाती पडेल तिने हे जाळावं आणि माझ्या बहिणीसाठी दोन शब्द प्रार्थनेत घालावेत. माझ्यासाठी नकोत.

अक्षरं वाकडी आहेत. तळ्यापलीकडच्या बाईंकडे आपण दोघी गिरवायला जायचो, तू पुढे शिकलीस, मी सहा महिन्यांत घरी बसले. जुन्या भजनपोथीचं पान खरवडून त्यावर लिहितेय. मधेच एखादी ओळ देवाची दिसली तर ती माझी समजू नकोस.

पेर्तो तुमच्या फोरोयूलीत आहे. ड्यूकच्या नव्या चर्चचं सगळं कोरीवकाम त्याच्याकडे आहे, तुमच्या मठाच्या भिंतीला लागूनच. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो तुझ्या शालीत मावत होता. आता दारातून वाकून यावं लागतं त्याला. दोन मुली झाल्यात. आजोबासारखाच आहे, मोकळी जागा बघवत नाही. भिंत म्हणू नको, खांब म्हणू नको, जिथे बोट टेकेल तिथे वेल नाहीतर वेणी.

वेदीपुढच्या कठड्यासाठी त्याला संगमरवर हवा होता. नवा आता कुणी खणत नाही. जुनं उचलायचं, पालथं घालायचं, कोऱ्या बाजूला कोरायचं, एवढीच यांची खाण. आणि ती फरशी वरून कोरीच होती. आतून काय होती ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. तिसरा माझा नवरा आन्सो, तो मातीत गेला. हे पत्र आधी कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

मी खड्ड्यावर चेस्टनटच्या फळ्या टाकल्यात. कुत्री येतात. दगड मारून हाकलते.

एवढंच कर. फरशी बसवली असेल तर कुठली बाजू पुढे आलीय ते बघ. आतली बाजू भिंतीकडे असेल तर मला काही म्हणायचं नाही. पुढे असेल तर मीठवाल्याबरोबर कळव. आणि तिच्यावर अक्षरं दिसली तर ती तुझ्याशिवाय कुणी वाचली का, तेही कळव.

गुंदा


ब्रेंझा, संत योहानाच्या सणाआधी चार दिवस

सहा ओळी! सव्वीस वर्षांनी बहीण लिहिते, सहा ओळी लिहिते, आणि त्यातली एक तारखेत घालवते. लिहायचं कातडं एवढं महाग झालंय का तुमच्याकडे?

पण तुझ्या पाच ओळींनी मला तीन दिवस अन्न गेलं नाही. फरशी मधोमध बसवली. आतली बाजू पुढे. आणि पेर्तो तुला मठाच्या जाळीपाशी येऊन म्हणाला, "बघा बाई, आमच्या आजोबांचं काम! उलटवली आणि सापडलं. पक्षी आणि द्राक्षं सगळेच कोरतात, पण ही मधली खिळ्याखिळ्यांची रांग बघा, ही मी कुठेच पाहिली नाही." आणि त्या खिळ्यांच्या रांगेत त्याने लाल काच वितळवून भरली.

अक्षरं आहेत ती, हे त्याला कळलं नाही. आमच्या घरातल्या पुरुषांना कधी कळलं? आन्सोला स्वतःचं नाव दाखवलं असतं तर त्याने त्याला दोन पानं आणि एक देठ काढून दिला असता. वाचणाऱ्या माणसाला ती फरशी दिसली असती तर त्याने ती झाकली असती. याने सजवली.

तू म्हणतेस पत्र तू एकटीच वाचतेस आणि लगेच जाळतेस. तर उघड लिहिते. आन्सोने ती बाजू कोरली तेव्हा तू घरात होतीस, पण शेवटचं तुला ठाऊक नाही. आमच्यात झाकणाची नक्षी मेलेल्याकडे तोंड करून असते. उठायचा दिवस येईल तेव्हा डोळे उघडताच आधी तीच दिसावी म्हणून. त्याने सगळा उपवासाचा महिना त्यावर घालवला. माझ्याशी बोलला नाही, देवाशी बोलला नाही. पक्ष्यांच्या डोळ्यांत घोड्याच्या केसाएवढ्या रेघा घातल्या. उवेएवढी जागा दिसली तरी ज्याच्या हाताला खाज सुटायची, त्या माणसाने मधे एक पट्टी कोरी ठेवली आणि छिन्नी खाली ठेवून तळ्यावर जाऊन बसला.

ती पट्टी मी भरली. त्याच्याच छिन्नीने, दोन दिवसांत, अंगठा सुजेपर्यंत. इथे ल्यूता. आन्सोची लेक. वितालोची बायको. पेर्तोची आई.

तो परत आला, वाकून बघितलं. म्हणाला, "हे काय गं?"

"काटेरी नक्षी," मी म्हटलं.

"बरी आहे. हात जड आहे तुझा," म्हणाला, आणि फरशी पालथी घालायला माणसं बोलावली.

मला वाटलं मातीशिवाय कोण वाचणार. निदान एकीकडे तरी खरं लिहिलेलं असावं.

आता ऐक. पेर्तो आमच्या लेकाचा, ग्रिमोचा मुलगा म्हणून वाढला, ग्रिमो लढाईत गेला, विचारायला कुणी उरलं नाही. पण फरशी सांगते की तो वितालोचा. वितालो राजाच्या मळ्यावरचा गुलाम. बाप ज्याच्या मालकीचा, पोर त्याच्या मालकीचं, आणि त्या पोराची पोरंही. एक वाचता येणारा माणूस त्या कठड्यापुढे उभा राहिला, की पेर्तोच्या गळ्यात दोर आणि त्याच्या दोन मुली राजाच्या हातमागांवर. संत मिखाएलच्या सणाला बिशप येणार, त्याच्या मागे वाचणारी सगळी फौज येणार. आणि बिशपने एकदा तेल लावून पवित्र केलं की त्या दगडाला छिन्नी लावणं पाप.

तू जा. त्याला जाळीपाशी बोलाव आणि सांग, ती मधली पट्टी तासून टाक. काहीही कारण सांग. तू मठातली आहेस, तुझं ऐकेल.

गुंदा


ब्रेंझा, संत लॉरेन्सचा सण

या वेळी पान भरून लिहिलंस, आणि अख्ख्या पानात एक "नाही".

पेर्तो आजोबांच्या कामाला छिन्नी लावू देणार नाही, म्हणून नाही. जाळीपाशी तुझ्या दोन्ही बाजूंना दोन जोगिणी बसलेल्या असतात, खरं सांगता येत नाही, म्हणून नाही. आणि खोटं तू मठात आल्यापासून एकदाही बोलली नाहीस, म्हणून नाही. बाई गं, खोटं बोलायला कारण लागतं. तुला तिथे काय कारण पडलंय? वेळेवर घंटा, वेळेवर भाकरी, अंगावर एक कपडा. मी तशी राहिले असते तर मीही संत झाले असते.

आणि शेवटी विचारतेस, ल्यूता-वितालोची लपायची जागा आन्सोला कुणी सांगितली. ते कळल्याशिवाय बोट हलवणार नाहीस. तू याच प्रश्नासाठी घर सोडून गेलीस हे मला तेव्हाही कळलं होतं. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

मी सांगितली.

ल्यूता आणि वितालो वरच्या चुन्याच्या भट्टीच्या खोपटात लपले होते. जुने पुतळे भाजून चुना करायचे ती भट्टी, थंडीतही ऊब राहायची. मी लापशी घेऊन जायची. तीन आठवड्यांचं पोर खोकत होतं. तुला बरं वाटावं म्हणून लिहू शकते की पोराच्या खोकल्यासाठी सांगितलं. खोकला होता, ते खोटं नाही. पण मला रागही होता, वाल्दा. धुण्यावर बायका पाठ वळवायच्या. मला ती केस धरून ओढत घरी आणलेली हवी होती. आन्सोने संत मिखाएलची शपथ घेतली, मुलीला हात लावणार नाही, गुलामाला चार फटके देऊन सोडीन. मी विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला.

तो दगडफोडीचा हातोडा घेऊन निघाला तेव्हा मला कळायला हवं होतं. फटके द्यायला कुणी हातोडा नेतो? मी मागोमाग गेले. वितालो खिडकीतून निसटला, चार दिवसांनी राजाच्या माणसांना सापडला, त्याचे डोळे काढून गिरणीला जुंपला. ल्यूता पळाली नाही. ती दारात आली, पोर माझ्या हातात दिलं. "आई, याला धर," म्हणाली. मग बापाकडे वळली.

मी पोर धरलं. दोन्ही हात त्यातच अडकले होते, असं मी सत्तावीस वर्षं स्वतःला सांगतेय. कायद्याने बापाला मुभा होती, कुणी विचारायला आलं नाही. गुलामाबरोबर गेलेली लेक बापाने मारली तर ते या देशात घरचं काम.

झालं? मिळालं तुझं उत्तर? आता मला देवाच्या नावाने शिव्या घाल आणि मोकळी हो.

तू खोटं बोलायची नाहीस हे मला माहीत होतंच. म्हणून वाट बघत बसले नाही. पेर्तोच्या कामावरचा बोनो गवतकापणीला घरी आला होता, उद्या परत निघतोय. त्याला बोलावून म्हटलं, "पेर्तोला सांग, आजीला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. त्या फरशीवर तुझ्या आजोबाने आपल्या ठेवलेल्या बाईचं नाव कोरलंय."

बोनोच्या तोंडातला घास तसाच राहिला. "आन्सोबाबांनी? बाई?"

"का? तुला वाटलं नुसती द्राक्षंच कोरत होता?"

"पण आजी, ते खिळे नाव आहे हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर इथे पडलेल्या."

"खुणेचं नाव आहे. मला दाखवून कोरलं होतं मेल्याने. आणि पेर्तोला सांग, बिशप यायच्या आत तासून टाक. आजी मेली तरी चालेल, पण देवापुढे त्या रांडेचं नाव लाल काचेत चमकायला नको."

"जीभ आहे का छिन्नी," म्हणत उठला, पण हसत होता. आता ही गोष्ट बाराव्या दिवशी फोरोयूलीला पोचेल आणि तेराव्या दिवशी तिथल्या प्रत्येक मचाणावर. पोचू दे. जितकी हसतील तितकी लवकर तासली जाईल.

हे पत्र बोनोच्याच झोळीत आहे. त्याला वाचता येत नाही, मी विचारून घेतलं.

गुंदा


ब्रेंझा, संत मिखाएलच्या सणानंतर आठवा दिवस

तुझं पत्र मिळालं. शिव्या घातल्या नाहीस. मला बरं वाटलं असतं.

लिहितेस, पेर्तोने आधी पोट धरून हसून घेतलं. "म्हातारा! आणि आम्हाला सांगायचा, वेल देवासाठी कोरायचा!" मग आजीची अब्रू म्हणून अर्ध्या दिवसात पट्टी तासली, काच खरवडून काढली, आणि खोल झालेल्या जागी तीनपदरी वेणी घातली. इतकी साफ की मुळात तीच होती असं वाटतं. तू जाळीमागे छिन्नीचा आवाज ऐकत होतीस आणि पाठ असलेली प्रार्थना मधेच विसरलीस. एवढंच ना? त्याच्या हाताखाली कोण गेली ते त्याला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला दुखत नाही. ठाऊक असलेल्या दोन म्हाताऱ्या आहेत, त्यांना दुखू दे.

पण उशीर झाला होता, वाल्दा. बिशपच्या डीकनने, त्याच्या हाताखालच्या पाद्र्याने, उन्हाळ्यातच सगळ्या चर्चभर फिरून काय काय कोरलंय ते उतरवून घेतलं होतं. मेणाच्या पाटीवर, शब्दाला शब्द. आणि हा डीकन निघाला आपल्याच तळ्यावरचा. डोळे काढलेल्या वितालोची गोष्ट त्याने आईच्या मांडीवर ऐकलेली. त्याने राजाच्या कारभाऱ्याला कळवलं. बिचाऱ्याने वाईट मनाने कळवलं असेल असंही नाही. शिकलेल्या माणसाला वाचलेलं पोटात ठेवता येत नाही.

मला हे आधी कळलं ते आपल्या मीठवाल्यामुळे. कारभाऱ्याचा माणूस तळ्याच्या टोकाला मुक्काम करून होता आणि ल्यूता कोण, पेर्तो कोण विचारत होता. माझ्या हातात एक सकाळ होती. त्या सकाळी सगळं गाव वर रानात चेस्टनट वेचायला गेलं होतं, पाद्रीबाबा सगळ्यांच्या पुढे. मी फावडं घेतलं.

आता तुला जे कधीच सांगितलं नाही ते. ग्रिमोच्या बायकोला खरंच मूल झालं होतं. मुलगा. त्या भट्टीच्या दिवसाच्या दोन दिवस आधी झाला आणि त्याच रात्री गेला. सुईणीला मी झोपतंय म्हणून सांगितलं, आणि ती घरी गेली. त्याची आई तापात होती, तिलाही कळलं नाही, चौथ्या दिवशी तीही गेली. मी त्याला शेळ्यांच्या गोठ्यामागे पुरला, धान्याच्या मापाच्या पेटीत. म्हणून पाळण्यात ल्यूताचं पोर ठेवता आलं. थोडं मोठं दिसलं, तर म्हटलं आमच्याकडची अशीच धष्टपुष्ट होतात. तेव्हाही तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. आता कळलं ना, ग्रिमोचं पोर कुठे गेलं ते?

गोठ्यामागची माती चुन्याची, त्याची सगळी हाडं टिकली होती. पदरात मावला. मी फळ्या काढून खड्ड्यात उतरले, त्याला ल्यूताच्या कुशीत ठेवला, तिचा हात त्याच्यावर घेतला. हात सुटा झाला, परत जुळवला. फळ्या टाकल्या, वर पालापाचोळा टाकला आणि घरी येऊन भाकरी भाजली.  

दुपारी कारभाऱ्याचा माणूस आला. तरणा, चांगले बूट, दोन माणसं बरोबर.

"म्हातारे, ल्यूता कोण?"

"माझी लेक. गुलामाबरोबर गेली, बापाने मारली. तुझ्या कायद्यानेच. काय चुकलं?"

"तिला पोर होतं. पेर्तो."

"होतं की. तिच्याजवळच आहे. बापाने दोघांना एकाच दिवशी वाटेला लावलं."

"तुझ्या नातवाचंही नाव पेर्तो."

"आमच्यात गेलेल्याचं नाव घरात परत ठेवतात. तुमच्यात काय करता, झाडावरून तोडून आणता?"

त्याची माणसं हसली, तो हसला नाही. फळ्या काढायला लावल्या. खाली उतरला, दोघांजवळ बसला. वर आला तेव्हा त्याने टोपी काढली होती. मला तो माणूस त्या क्षणी आवडला, आणि म्हणूनच त्याची भीती जास्त वाटली. टोपी काढणारे नीट बघतात.

"शपथ घेशील?"

घेतली. पाद्रीबाबांनी पोथी आणली, मी हात ठेवला, ग्रिमोचा पेर्तो ग्रिमोचाच आणि ल्यूताचा पेर्तो मातीत, असं तीनदा म्हटलं. पोथीवरून हात उचलला तेव्हा तळव्याला गार लागलं. मेल्यावर मी कुठे जाणार ते आता पक्कं झालं. तिथे आन्सो आहेच, मला नवं कुणी शोधावं लागणार नाही.

पण त्याला एकीची शपथ पुरत नाही. म्हणाला, "त्या हिवाळ्यात घरात आणखी कोण होतं?" मी म्हटलं सगळे मेले. पाद्रीबाबा मधे बोलले, देव त्यांचं भलं करो, म्हणाले, "नाही हो, वाल्दाबाई आहेत की! फोरोयूलीच्या मठात." मला त्यांच्या तोंडात चेस्टनट कोंबावेसे वाटले.

तो निघालाय. आधी राजाच्या पावियाला जाऊन कारभाऱ्याला सांगेल, मग तुझ्याकडे. मीठवाला उद्या सरळ वाटेने निघतो, म्हणजे हे पत्र त्याच्या चार-पाच दिवस आधी तुझ्या हातात पडेल. तो तुझ्या जाळीपाशी येईल आणि एकच गोष्ट विचारेल: घर सोडून गेलीस तेव्हा पाळण्यातलं पोर कुणाचं होतं? तुला शपथ घालणार नाही. मठातल्या बाईला शपथ लागत नाही, तिचा शब्दच धरतात. तू सव्वीस वर्षांत कमावलेलं आहे ते एवढंच, आणि त्याचा उपयोग एकदाच होणार आहे.

तू खरं बोललीस तर तुझा आत्मा स्वच्छ राहील, आणि त्याच मठाच्या भिंतीखालून पेर्तो, त्याची बायको आणि त्या दोन मुली दोराने बांधून नेतील. मोठीचं नाव त्याने ल्यूता ठेवलंय. कुठून सुचलं देव जाणे, मी नाही सुचवलं. तू गप्प बसलीस तरी तेच होईल. गप्प बसणं म्हणजे काय ते आपल्या घराला चांगलं माहीत आहे.

मी तुझ्याकडे कशाची भीक मागत नाही. माफी मागत नाही, ती मागण्याची वेळ गेली. हे पत्र जाळ. मला उत्तर लिहू नकोस, मला काही नको. उत्तर त्या माणसाला द्यायचं आहे, आणि ते पेर्तोने द्यायचं नाही, तुमच्या मठाच्या मुख्य बाईंनी द्यायचं नाही, पाद्र्याने द्यायचं नाही. ते तू द्यायचंस, जाळीपाशी उभी राहून, त्याच्या डोळ्यांत बघून.